काडी कोणाच्या हातात होती

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून माझी पहिली गोष्ट मीच तुला वाचून दाखवली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजच्या अंकात छापून आली होती. तू अंगणात मोहफुलं वाळत घालतेस, आणि सुटीला आलेली मी अंक घेऊन तुझ्यामागे फिरते आहे.

गोष्ट आपलीच होती. मोहाखालचा पाला जाळल्याशिवाय पहाटे पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून लहानपणी तू मला जाळायला पाठवलं होतंस. मी चहूबाजूंनी पाला झाडून घेतला, मगच काडी लावली. तरी वारा सुटला आणि शेजारच्या काकूंचा तणसीचा ढीग जळाला, त्यांच्या बैलांचा वर्षभराचा चारा गेला. गाव जमलं तेव्हा तू मला मागे ओढलंस आणि म्हणालीस, "मीच लावली." त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला तुला कोणीच बोलावलं नाही.

गोष्टीतही मी आग आईच्याच नावावर लावली. सांगणारी मुलगी नुसती रडते, तिची झोप उडते, आणि शेवटी ती आईला माफ करते. माफ! आज लिहितानाही लाज वाटते. आमचे सर म्हणाले, एवढी होरपळलेली मुलगी खोटं कशाला बोलेल? सगळ्यांनी डोळे मिटून तिच्यावर विश्वास ठेवला.

तू शेवटपर्यंत ऐकलंस.

"लयच रडते बाप्पा हे पोरगी. रडनाऱ्याले कोनी काई इचारत नाई."

"माय, गोष्ट हाय थे."

"मी गावाले खोटं सांगतलं, थे तुह्यासाठी. तू कोनासाठी सांगून राह्यली?"

मी अंक मिटून घरात गेले. तू जेवायला वाढलंस आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

तेव्हापासून पुस्तकातला कुठलाही 'मी' फार कळवळून बोलायला लागला की मी आधी त्याच्या हाताकडे बघते. त्या मुलीचं दुःख खरंच होतं, माय. पण त्या दुःखाआड तिला छान लपता आलं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी एक जागा घाईने वाचून पुढे गेले असते. पाला झाडून घेतल्याचं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. तू दहादा बजावलं होतंस, तरी मी कंटाळा केला. वाराही सुटला नव्हता.