चौदा नंबरचं टेबल

१८ नोव्हें. ०६, शनि., पूर्णा (भिवंडी)
उद्या नणंदेच्या मुलाचं लग्न, परवा बोटीची सहल. दोन्हींची तयारी एकाच पलंगावर मांडलीय. माझ्या शालूशेजारी ह्यांची अर्धी चड्डी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच दोघंच कुठे निघालोय.
ट्रॅव्हलवाल्याने नियमांचा मराठी कागद दिलाय, दोन पानं. रात्रीच्या जेवणाला चपला नकोत, बूट हवेत. पोहायच्या तलावात साडी नेसून उतरू नये. खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवू नये. वाढून घेतलेलं परत ठेवू नये. मोठ्याने बोलू नये. हे वाचून ह्यांना म्हटलं, तुम्ही घरीच राहा मग. आमच्या घरात कुणी हळू बोललं की कोण आजारी आहे असं विचारतात.
शेवटचा नियम जाड अक्षरात. उलटी-जुलाब झाल्यास ताबडतोब डॉक्टरला कळवणे व दोन दिवस खोलीतच राहणे.
हे म्हणाले, "पान्यावं जावाला एवरं कायदं? आमचा आजा होरी घेऊन खारीत जायचा, त्याला कोनी कागद न्हवता दिला."

२० नोव्हें., सोम., बोटीवर
बोट कसली, आडवी इमारत आहे. आधी नारिंगी जाकिटं घालून सगळ्यांना उभं केलं. बुडायची वेळ आली तर कुठे जमायचं ते शिकवलं.
दुपारी हव्वं ते घ्या असं जेवण. मी भात, मासळी, दोन जिलब्या, थोडा लाल भोपळ्यासारखा एक पदार्थ घेतला. मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "फुकट आहे म्हणून किती घ्यायचं!" शुद्ध मराठी. मला ऐकू येईल इतक्याच हळू. परत ठेवायचं नाही हा नियम, म्हणून सगळं संपवलं. रागानेच जास्त खाल्लं.
रात्री नेमून दिलेलं टेबल. आमचं नं. १४, चौघांचं. समोर डोंबिवलीचे देवस्थळी काका-काकू. ते पोस्टातून निवृत्त, त्या गणिताच्या बाई होत्या. माझ्यापुढे सहा चमचे-काटे. काकूंनी काही न बोलता आपला बाहेरचा काटा उचलला, जरा वर धरला, माझ्याकडे पाहिलं. मी तो उचलला. असं शेवटच्या चमच्यापर्यंत. ह्यांना कळलंही नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

२१, मंगळ.
पहाटेपासून दोनदा उलटी, पोटात मुरडा. बोट लागली असेल. पण समुद्र तर परातीतल्या पाण्यासारखा गप्प आहे.
हे म्हणाले, "डाक्टरला सांगूं या का?" मी नाही म्हटलं. सांगितलं की दोन दिवस कोंडून ठेवणार, आणि आजच आमच्या लग्नाची पंचविशी. शिवाय ती कालची बाई. भिवंडीवाली फुकटचं खाऊन ओकली म्हणेल. तिला हे सुख मी देणार नाही. गोळी घेतली, न्हाणीघर स्वतः धुतलं. खोली साफ करणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं.

२१, झोपण्यापूर्वी
संध्याकाळी बरं वाटलं. हिरवी पैठणी नेसले. जेवणात मध्येच एकदा उठून जावं लागलं. हात धुतले की नुसते ओले केले आठवत नाही, बाहेर टाळ्या ऐकू येत होत्या. आले तर केक हजर. ह्यांनी गुपचूप सांगून ठेवला होता. अंड्याशिवायचा, काकूंसाठी.
कापला. ह्यांना भरवला, काकांना भरवला. काकूंनी हात आडवा केला. "मला साखर आहे गं. आणि इथे असं हाताने नाही भरवत सुरेखा, बघतायत सगळे." मी म्हटलं, बघू देत. आमच्यात गोडाचा घास माणूस हातानेच देतो, चमच्याने औषध देतात. त्या हसल्या. तोंड उघडलं. मग मलाही भरवला.
ती बाई तीन टेबलं सोडून बघत होती. मी मुद्दाम मोठ्याने हसले.

२३, गुरु.
मी ठणठणीत. काकू सकाळपासून दिसल्या नाहीत. काका एकटेच येऊन सूप मागून गेले. "पोट बिघडलंय तिचं. डॉक्टरांना सांगितलंय आम्ही, खोलीतच आहे ती, नियम आहे ना." नियम सांगतानासुद्धा मान खाली.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे.

२४, शुक्र.
उतरलो. काकूंना चाकाच्या खुर्चीतून उतरवलं. चेहरा ओळखू येईना, डोळे आत गेलेले. मला बघून दोन बोटं हलवली. काकांनी आमचा फोन नंबर लिहून घेतला.

२५, शनि., पूर्णा
नणंदेचा फोन. लग्नाची अर्धी पंगत आजारी पडलीय. मंगळवारपासून उलट्या-जुलाब, दोन पोरांना सलाईन. "तू बोटीव मजा करत व्हतीस, बरा झाला, वाचलीस."
वाचले.
तर बोट लागली नव्हती. त्याच पंगतीत मीही जेवले होते. मी घरूनच घेऊन गेले होते.

२ डिसें., शनि.
काकांचा फोन. काकू बुधवारी गेल्या. साखर होतीच, मूत्रपिंडं आधीच अर्धी, अंगातलं एवढं पाणी गेलेलं सोसलं नाही. काका शांतपणे, टपालाचा पत्ता सांगावा तसं सांगत होते. शेवटी म्हणाले, "तुमची आठवण काढायची. म्हणायची, पोरीने नियम मोडला पण काय गोड मोडला."
फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. बाहेर कंटेनरचा ट्रक ह्यांच्या गोदामाकडे मागे येत होता, त्याची पीं पीं. 
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुज्यामुलं मेली काय ती? साखर व्हती, वय व्हता." मी विचारलं, मग तिथे माझ्याकडे का पाहिलंत? हे उठून गोदामावर गेले.

१० डिसें., रवि.
डोंबिवलीला जाऊन आलो. जायचं नव्हतं, ह्यांनी नेलं. न गेलो तर वाईट दिसेल म्हणे.
छोटी खोली, फोटोला हार. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका माझी ओळख करून देत होते. "ह्या सुरेखाताई. हिला शेवटचा गोड घास ह्यांनी भरवला, स्वतःच्या हाताने. त्यानंतर तिने धड काही खाल्लंच नाही." बायका माझा हात हातात घेत होत्या. तोच हात. मी काढून घेऊ शकले नाही.
परतताना गाडीत हे रेडिओ लावत होते, मी बंद केला.

१५ डिसें.
काही नाही. भाकऱ्या केल्या. वाढताना चिमट्याने वाढते. हातच जात नाही.

२६ डिसें., मंगळ.
काकांनी बोटवाल्यांना पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलंय. फोनवर वाचून दाखवलं. स्वयंपाकघर तपासलं, दोष आढळला नाही. कुणा प्रवाशाने आजार लपवला असण्याची शक्यता आहे.
काका म्हणाले, "बघा, आपल्यावरच ढकलतायत. कोण लपवेल हो? नियम इतका स्पष्ट लिहिलेला."
मी म्हटलं, "हो ना."
हो ना म्हटलं मी. तोंडातून किती सहज आलं.

७ जाने. ०७, रवि.
काका आले होते. डोंबिवलीहून दोन बस बदलून, एकटे. इस्त्रीचा सदरा, पण वरचं बटण तुटलेलं. काकू असत्या तर तुटलेलं राहिलं नसतं.
जेवायला थांबवलं. मी चिमट्याने भाकरी वाढली, भातही डावाने. काका बघत राहिले. "अजून बोटीचे नियम पाळता?" आणि हसले. काकू गेल्यावर पहिल्यांदा हसलो म्हणाले. मी आत जाऊन नळ सोडला.
मग पिशवीतून कागद काढला. बोटवाल्यांना दुसरं पत्र, सुवाच्य अक्षर, समास सोडून. मुद्दा तिसरा: चौदा क्रमांकाच्या टेबलावरील आम्ही चौघेही त्या संध्याकाळपर्यंत पूर्ण निरोगी होतो, सबब दोष अन्नाचाच आहे. खाली साक्षीदार म्हणून आमच्या दोघांच्या सह्यांची जागा.
ह्यांनी वाचलंही नाही, केली सही. पेन माझ्याकडे.
मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. डोक्यावरच होता. काकांना दिसला असणार. म्हणाले, "घाई नाही. सावकाश वाचा. एक शब्द जरी खोटा वाटला तर खोडा, मला राग नाही यायचा. मला भरपाई नकोय हो. फक्त काय झालं तेवढं कळायला हवं. एवढी नियमाने वागणारी बाई, आणि…"  पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवून गेले.

९ जाने., मंगळ.
आज ह्यांच्याशी मोठं भांडण. "सई कर ना मोकली व्हय. म्हाताऱ्याला तेवराच समाधान." मी म्हटलं, आणि मला? "तू सांगून ती परत येनार हाय का?" नाही येणार. "मंग? त्यो जगेल कसा, त्याचा इचार कर. आता निदान तुजा घास ध्यानात ठेवून जगतो."
 तेच तर खरं भय आहे. खरं सांगितलं तर काकांच्या हातून तो घासही काढून घेतला जाईल. न सांगितलं तर ते मरेपर्यंत मला आशीर्वाद देणार, आणि मी घेत राहणार.
ही वही फाडावीशी वाटते. २१ तारखेचं पान. सकाळचं.

१० जाने.
वही फाडली नाही. ते पान परत वाचलं. 'तिला हे सुख मी देणार नाही.' कोण कुठली बाई, नावही माहीत नाही. तिला दाखवायला मी काकूंना घास भरवला. काकूंनी तर मला चमचा कसा धरायचा तेसुद्धा कुणाला कळू न देता शिकवलं होतं.

१२ जाने., शुक्र.
हे टेमघरला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले. दुपारी काकांचा कागद काढला. मुद्दा तिसरा. 'चौघेही' वर काट मारली, वर लिहिलं 'तिघे'. बाकी एक अक्षर बदललं नाही. खाली सही केली, पूर्ण नाव. 
पाकीट बोटवाल्यांच्या पत्त्याचं. ते बाजूला ठेवलं. कपाटातून दुसरं काढलं, त्यावर डोंबिवलीचा पत्ता घातला. आधी काकांनी वाचायला हवं.
उद्या आईकडे कामतघरला जायचंय, वाटेत नाक्यावर टपालपेटी आहे. पाकीट पर्समध्ये. रिक्षा थांबवेन की नाही, आत्ता सांगता येत नाही. दोनदा बाहेर काढून पुन्हा आत ठेवलंय.
काका आयुष्यभर पोस्टात होते. खाडाखोड त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.