किल्ल्यातल्या सात चुली

अब्बा, जे बोलू नको म्हणून तुम्ही मला बजावलं होतंत, तेच मी काल पुन्हा बोलून आले. किल्ल्यातल्या तलावाकाठी, पंचवीस-तीस अनोळखी माणसांसमोर, चांगल्या चढ्या आवाजात. आता गुडघे दुखतात, होडीतून उतरताना दोघांना माझे हात धरावे लागतात, पण आवाज शाबूत आहे. तुम्हाला तो कधीच आवडला नाही. मुलीच्या जातीला एवढा आवाज कशाला, असं तुम्ही अम्मीला विचारायचात आणि ती म्हणायची, "समुद्रात राहणाऱ्यांनी काय कुजबुजायचं?"

तेव्हा आपण खरंच समुद्रात राहत होतो. चहूकडे खारं पाणी, मध्ये तट, आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचा तो मोठा तलाव. नवाबी नुकतीच संपली होती. आतली बरीच कुटुंबं किनाऱ्यावर निघून गेली होती, आपल्यासारखी सात घरं उरली होती. सकाळची वेळ आहे, अम्मी तलावाच्या पायऱ्यांवर राखेने भांडी घासते आहे, माझा धाकटा भाऊ तिच्याजवळ खेळतो आहे, मी वरच्या पायरीवर बसून धडा घोकते आहे आणि तुम्ही दरवाजाशी होडी लावून हाका मारता आहात, कारण उशीर झाला तर माझी किनाऱ्यावरची शाळा चुकणार. पूर्वी किल्ल्यात यायला परवानगी लागायची. ती अट गेली आणि सुट्टीच्या दिवसांत मुंबईचे, अलिबागचे पाहुणे येऊ लागले. तुम्ही त्यांना शिडाच्या होडीतून आणायचात आणि पुढे होऊन सगळं दाखवायचात. अगदी जवळ गेल्याशिवाय न दिसणारा दरवाजा, गंजलेल्या तोफा, बुरुजावरून दिसणारे डोंगर, आणि समुद्राच्या पोटात गोडं पाणी कसं याचं नवल. तलावाचं पाणी तुम्ही आधी स्वतः ओंजळीने प्यायचात, मग त्यांना पाजायचात. परतल्यावर गावाबाहेरच्या जुन्या घुमटांपर्यंत चालत न्यायचात. तुमच्याइतकं रंगवून कोणी सांगत नव्हतं, हे मी आजही कबूल करते. शाळा नसली की मी तुमच्या मागेमागे फिरायचे. तुमची सगळी वाक्यं मला पाठ होती.

त्या हिवाळ्यात एक नवरा-बायको आले होते. त्याच्या गळ्यात कॅमेरा, तिच्या हातात छत्री. तलाव बघून झाल्यावर त्या बाईंनी विचारलं, "इथे आता कोण राहतं?" तुम्ही हसून म्हणालात, "कोण न्हाय, बाईसाहेब. सगळं ओसाड हाय." मी पाच पावलांवर कमरेला कळशी लावून उभी होते. मागे आपल्याच छपरातून धूर निघत होता. मला वाटलं, कोणीतरी माझ्या अंगावरून चालत गेलं. मी म्हणाले, "आम्ही राहतो."

तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ती मी विसरलेले नाही. पण बाईंनी कळशीवर हात ठेवून विचारलं, "कुठे गं?" आणि मी त्यांना सरळ घरी घेऊन गेले. अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ती गडबडली, डोक्यावरचा पदर सारखा केला, चटई टाकली. बाई चुलीशेजारीच बसल्या आणि त्यांनी गरम भाकरी जवळ्याच्या चटणीबरोबर खाल्ली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटामुळे. नवऱ्याने कॅमेरा वर केला तेव्हा अम्मीने मान वळवली आणि त्यानेही तो लगेच खाली घेतला. तुम्ही मात्र घरात आला नाहीत. स्वतःच्याच दारात परक्यासारखे उभे राहिलात.

त्यांना किनाऱ्यावर सोडून तुम्ही परत आलात आणि मला समोर उभं केलंत. "कचेरीत कागद फिरतायत. आत माणसं हायत हे कोणाच्या तोंडी जाऊ नये म्हणून मी खोटं बोलतो, आणि तू चूल दाखवतेस?"

"आपण चोरी केलीय का?" मी विचारलं.

तुमचा हात वर गेला. अम्मी मध्ये आली म्हणून वाचले. पण त्यानंतर कितीतरी दिवस शाळेत जाताना होडीत तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. मीही बोलले नाही. मी माझी चूक शोधत होते आणि ती मला सापडत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यानंतर कागद आलाच. भिंती धोक्याच्या झाल्या आहेत, यादीतल्या सगळ्या कुटुंबांनी बाहेर पडावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच तो उंबऱ्यात उभी राहून वाचला. ऐकून झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "झालं तुझ्या मनासारखं." अब्बा, या तीन शब्दांसाठी मी हे लिहिते आहे. त्या कागदात आपल्या सात घरांखेरीज पलीकडच्या सुताराचंही नाव होतं. तो तर त्या बाई येण्याच्या दोन वर्षं आधीच आफ्रिकेला गेला होता, घराला कुलूप लावून. म्हणजे ती यादी आधीच केलेली होती. कचेरीला आपण माहीत होतो. माझ्या तोंडामुळे काही झालं नव्हतं. मी हे त्याच क्षणी तुम्हाला सांगितलं, त्या नावावर बोट ठेवून दाखवलं. तुम्ही कागद घडी करून खिशात टाकलात आणि होडी बघायला निघून गेलात. मी तेरा वर्षांची होते. तुमचं ते वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं उशाला घेऊन झोपले. आज सांगते, ते वाक्य खोटं होतं आणि मला ते मान्य नाही.

निघायच्या दिवशी अम्मी चूल सारवत बसली. तुम्ही म्हणालात, "सोडून जायचं घर कोण सारवतं?" ती म्हणाली, "मागनं येणाऱ्यानं घाण होती असं म्हणू नये." सामान भरून झाल्यावर तुम्ही शिडाचा दोर हातात घेतलात आणि सुकाणू माझ्याकडे दिलंत. त्याआधी कधी दिलं नव्हतंत. दुपारच्या वाऱ्यात मी होडी किनाऱ्याला आणली. ती माफी होती की फक्त तुमचे हात मोकळे नव्हते, हे मी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगणारे नव्हतात.

मग मी शिकले, गावातल्याच शाळेत शिक्षिका झाले, लग्नही जवळच झालं. पहिल्या वर्षी मुलींची सहल घेऊन किल्ल्यात गेले तेव्हा माहिती सांगणारा तरुण म्हणाला की इथे फक्त सैनिक आणि नवाब राहायचे. मी त्याला थांबवलं आणि मुलींना आपल्या घराशी नेलं. इथे भाकरी भाजली जायची, इथे भांडी घासली जायची, इथून मी शाळेत जायचे, असं सांगितलं. गावात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पडवीत बसला होतात. डोळे अधू झाले होते, तरी बोटं जाळं विणत होती. तुम्ही म्हणालात, "बाईमाणसानं असं लोकांसमोर उभं राहू नये. आणि तो घर आता आपला न्हाय."

"मग कोणाचं?"

"सरकारचा."

"आणि माझ्या भावाची नाळ तिथल्या मातीत पुरलीय, तीही सरकारची?"

तुमची बोटं थांबली. तुम्ही समुद्राकडे तोंड वळवलंत. दिसत काहीच नव्हतं तुम्हाला. "चहा घे," म्हणालात. त्यानंतरच्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी गप्प बसलेले नाही. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला बोलावतं आणि मी जाते. काल एक मुलगा म्हणाला, "आजी, पुस्तकात तर इथल्या वस्तीबद्दल काही नाही." मी म्हणाले, "मग लिही. सात घरं होती, सात चुली होत्या, आणि आम्हाला कोणी विचारून उठवलं नाही." त्याने वही काढून लिहिलं. तुम्ही असतात तर माझा हात धरून मला होडीकडे ओढलं असतंत. ओढलं असतंत तरी मी बोलले असते.

हा कागद मी कपाटात अम्मीच्या ओढणीखाली ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला नसता, कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगत नाही, तलावाकाठीही नाही. किनाऱ्यावरच्या आपल्या नव्या घराच्या मागे वाडी होती. तिथे पहिल्याच दिवशी मी सुपारीच्या झाडांमधून कुठेही तट आडवा न येता दम लागेपर्यंत पळाले. तुम्ही ओटीवर डोकं धरून बसला होतात, आणि अब्बा, मला फार बरं वाटत होतं.