ता न्हेमच्या रक्ताची नळी

३ एप्रिल
दवाखाना एका खोलीचा, पण फ्रिज चालू आहे, म्हणजे मी राणीच! राहायला बोंग साव्योनकडे. बोंग म्हणजे थोरली बहीण; तशीच हाक मारायची, असं तिनं बजावलंय. नवरा फाल भाताची दारू गाळतो. चोथा खाऊन त्याची डुकरं फालपेक्षा गुबगुबीत झालीत, असं तीच म्हणाली. जेवायला भाजलेला मासा आणि लाल मुंग्यांची चटणी. पेला नको म्हटल्यावर सगळे हसले: सरकारनं दूधपिती डॉक्टरीण धाडली!

८ एप्रिल
नवं वर्ष तोंडावर आलं. भात आंबवायला वेळ नाही, म्हणून फालनं बाजारातून स्वस्त स्पिरिटचा पिंप आणलाय, दारूत मिसळायला. मी पाहिलं. बोलले नाही. पाहुणीनं यजमानाच्या चुलीत कशाला डोकावायचं?

९ एप्रिल
ता न्हेम दवाखान्यात आले. ता म्हणजे आजोबा, सगळ्या गावाचे. काल फालकडे प्यायले होते. पोटात दुखतंय, डोळ्यांपुढे पांढरं धुकं. म्हणाले, पोरी, तुझं तोंड दिसत नाही, आवाज मात्र गोड आहे. हिवताप बघायला रक्ताची नळी भरून ठेवली. दारू उतरली की दिसेल म्हटलं, दोन गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. त्यांना फार धाप लागली होती. मला जेवायला जायची घाई होती.

१० एप्रिल
ता पहाटे गेले. दाखल्यावर मी 'म्हातारपण' लिहिलं.
मयताला आलेल्या माणसाला पेला दिल्याशिवाय इथे पाठवत नाहीत. मांडवात फालचीच दारू. साव्योन म्हणाली, नुसती काय उभी राहतेस, घे किटली. चाळीसेक माणसांना मी माझ्या हातानं वाढलं.

११ एप्रिल
सकाळीच चौघांना आणलं. तेच धुकं, तीच धाप. तेव्हा लख्ख कळलं. मिथेनॉल, फालच्या स्वस्त स्पिरिटमधलं विष. आधी पोटात गप्प बसतं. मग यकृत त्याचं आम्ल करतं, मुंगीच्या डंखात असतं तेच. ते डोळ्यांची नस जाळतं, सगळं रक्त आंबट करतं. चौघांना जिल्ह्याला धाडलं. ताची नळी बर्फात घालून राजधानीला.
गावाला लगेच सांगायला हवं होतं, दारू ओता म्हणून. पण मग विचारलं असतं, ताला परत कोणी पाठवलं? म्हटलं, अहवाल येऊ दे. लोक उरलेली पीत राहिले.

१२ एप्रिल
फोन आला. यंत्रानं ताच्या रक्तातली वाफ तपासली. मिथेनॉलच— माणूस मरायला पुरून उरेल इतकं. विहाराच्या भोंग्यावरून ओरडले. उशीर झाला होता. नऊ गेले. त्यातले पाच काल प्यायले. ते पाच माझे.

१३ एप्रिल
फाल आंधळा झाला. उद्या पोलीस नेणार. सारखा म्हणतो, ताला मी मारलं. साव्योन म्हणते, त्यांना वेळेवर कुणी बघितलं असतं तर— मी मान खाली घालून भात कालवत राहिले. लाज वाटते.

१४ एप्रिल
नवं वर्ष. पोलीस अजून यायचेत. फाल समोर बसलाय. डोळे उघडे— माझ्याकडे. पेनाची खरखर ऐकून म्हणाला, काय लिहितेस, वाच ना. मी लिहीतच राहिले. त्यानं साव्योनला हाक मारली, हिची वाचा बसली, तूच वाच.
ती मागे उभी आहे. ओठ हलवत वाचतेय. वही मिटावी— नाही. नाही मिटत.
बोंग, ता त्या दिवशी माझ्याकडे आले होते. त्यांना दिसत नव्हतं, आणि मी त्यांना—