निळ्या रंगाखालचा पाना

९ एप्रिल

बाबांची पेटी अखेर उघडली! ते जाऊन नऊ आठवडे झाले आणि मी रोज तिला वळसा घालून जात होते. आज स्वतःलाच दम दिला— आर्डिस, सत्तावन्न वर्षांची बाई तू, सगळं गॅरेज एकटीने चालवतेस, आणि एका लोखंडी पेटीला भितेस?

आत गंजाचं राज्य. पाने, कानशी, हातोडे, लोखंड घट्ट धरायचा, जबडा आवळून बसलेला एक शेगडा. ओळखू आलं तेवढं वेगळं काढलं. आधी प्रत्येकाचा फोटो, मगच हात लावायचा, हा माझा जुना नियम. एकदा घासलं की मूळचं काय होतं हे सांगायला कुणी उरत नाही.

ऑगस्टच्या मळणीच्या जत्रेत टेबल मांडायचं ठरवलंय. वर पाटी— ‘सेल्मर टोलेफसन यांची हत्यारं’. बाबांना आवडलं असतं. तोंडाने म्हणाले नसते, पण आवडलं असतं.

१२ एप्रिल

बाबांचा निळा रंग! दर वसंतात त्यांच्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर एक निळा पट्टा. तेव्हा गॅरेजात दोन भागीदार होते, बाबा आणि ऑरिन लुंड. शनिवारी सगळी हत्यारं एकाच परातीत रॉकेलने धुवायची आणि मग तुझं की माझं हा घोळ. दोघंही दांड्यावर नावाची अक्षरं ठोकून घ्यायचे, पण बाबांचा भरवसा रंगावर. ऑरिन रंगाच्या वाटेला कधी गेले नाहीत.

सतराव्या वर्षी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. माझा पट्टा हमखास वाकडा. मग तो वाकडेपणा झाकायला खाली आणखी एक ओढायचा! आज एक दोन पट्ट्यांचा हातोडा निघाला आणि मी एकटीच हसत बसले.

मुलीला गॅरेजात घ्या म्हणून बाबांच्या मागे लागले होते ते ऑरिनच. बाबांनी घेतलं, पण अट घालून. "पहिली मोठी चूक झाली की सरळ घरी, आईच्या हाताखाली. मग रडायचं नाही." तो सबंध उन्हाळा मी श्वाससुद्धा जपून घेतला.

१५ एप्रिल

छोटे पाने काकवीच्या पाण्यात बुडवले. गंज असा सुटतो की बघत राहावं, फक्त दोन आठवडे दम धरायचा. वास मात्र! व्हर्लिन नाक धरून म्हणाला, "कुणी मेलंय का आत? घोडा?" नवऱ्याला कलेची कदर नाही.

१९ एप्रिल

पेटीच्या तळाशी तो मोठा पाना. फडक्यात गुंडाळलेला. फोटो काढला आणि तसाच परत ठेवला. धुवायलाही हात होईना.

लिहून टाकते. १९७६चा मे, माझं सतरावं वर्ष. ऑरिननी बाकावरून हा पाना उचलला आणि म्हणाले, "सेल्मर, हा माझा दिसतोय रे." बाबा भडकले. तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर. "निळा दिसत नाही? माझ्या नाकासमोर माझाच पाना उचलतोस? अजून काय काय नेलंस आजवर?"

ऑरिननी पाना उलटा करून पाहिला. बराच वेळ. एकदा मान वर केली. मी मागे नळाशी हात धूत होते. मग त्यांनी पाना बाकावर ठेवला आणि एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपली पेटी घेऊन गेले. पुढे धान्याच्या कोठारावर नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. चर्चमध्ये चाळीस वर्षं पलीकडच्या बाजूला बसले. ते दुकानात शिरले की कुणीतरी मुद्दाम "हत्यारं सांभाळा रे" म्हणायचं, आणि सगळे हसायचे.

मीही हसलेय. गप्प बसला तो चोर, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं. मीसुद्धा.

बाबांनी मात्र तो पाना पुन्हा कधी वापरला नाही. का बरं, हा प्रश्न आज प्रथमच पडला.

२६ एप्रिल

व्हर्लिन बातमी घेऊन आला. ऑरिनना त्यांची मुलगी सात तारखेला आपल्याकडे डुलुथ शहरात नेतेय, कायमचं. ऐंशी झाले, जिने झेपत नाहीत. मी म्हटलं, "मग मी काय करू?" उगाच खेकसले.

३० एप्रिल

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचो त्या जुन्या ओढगाडीची सीट काढली. ही गाडी ऐंशी सालापासून मागे सडतेय, तिची जॅकची दांडी हवी होती. सीटखाली उंदरांचं घरटं. घरट्याखाली पाना!

तोच आकार. तीच लांबी. कारखान्याची तीच खूण, चौकोनात हरणाचं डोकं. रॉकेल, तारेचा ब्रश, पाच मिनिटं. एका बाजूला अक्षरं, से. टो. दुसऱ्या बाजूला निळ्याचा एक पुसट पट्टा.

हा बाबांचा. रस्त्यात कुणाची तरी गाडी ओढताना सीटखाली सरकला असणार. मग पेटीतला कुणाचा?

१ मे

कॉस्टिक सोडा कढत पाण्यात कालवला आणि पेटीतला पाना तेलामातीसकट आत टाकला. धीर नव्हता, नीट बघितलंही नाही. तासाभरात निळा रंग सालीसारखा सुटला.

खाली ऑ. लुं.

आज जेवले नाही.

३ मे

दोन दिवस बाबांशी भांडतेय. मोठ्याने! चर्चचे वडीलधारे तुम्ही, दुसऱ्याचा पाना रंगवून आपला केलात? आणि वर त्याच माणसाला चोर म्हणालात? पाटी फाडली. टेबल-बिबल काही नाही.

व्हर्लिन शेवटी वैतागला. "मेलेल्या माणसावर ओरडून काय मिळणार? ज्याची माफी मागायची तो दोन गल्ल्यांवर जिवंत आहे. आणि चार दिवसांत जाणार आहे."

परसात आंबट देठांचा रुबार्ब वाढलाय. उद्या त्याच्या गोड वड्या करते. रिकाम्या हाताने कशी जाऊ?

६ मे

जाऊन आले. चार वेळा दारापर्यंत गेले, पाचव्यांदा घंटी वाजवली.

घरभर खोकी. ऑरिन केवढेसे झालेत! "कॉफी घेशील?" मी नको म्हटलं. "थोडी?" नको, त्रास नको. "आहेच केलेली." मग बसले. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारेपर्यंत कुणी बसत नाही, मग पोटात आग पडलेली असो की काळजात. वड्यांचं ताट त्यांनी उचलून खालून पाहिलं. ताट परत यावं म्हणून खाली माझ्या नावाची चिकटपट्टी होती. "हे बरं केलंस. नाव असावं," म्हणाले.

मी पाना टेबलावर ठेवला. धुतलेला, तेल लावलेला. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

मी सगळं एका दमात बोलून टाकलं. बाबांनी तुमचा पाना चोरला, तुमची बदनामी केली, आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले. मला माफ करा.

"सेल्मर चोर नव्हता," ते म्हणाले. "त्याला खरंच तो स्वतःचा वाटला. निळा होता ना."

"मग रंग खरवडून अक्षरं दाखवायची! खिशात चाकू असायचा तुमच्या!"

"असायचा."

"मग?"

माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग एकदम, "गॅरेज कसं चाललंय तुझं?"

"बरं चाललंय."

"लोक म्हणतात, तालुक्यात तुझ्यासारखा गिअरबॉक्स कुणी उघडत नाही."

"म्हणतात खरं."

"मग झालं तर," म्हणाले, आणि दुसरी वडी घेतली.

मला राग आला. चाळीस वर्षांचं उत्तर मागायला गेले आणि हे गिअरबॉक्स घेऊन बसले! पाना माझ्याकडे सरकवून म्हणाले, "डुलुथला मी काय आवळणार? तू वापर. जत्रेत मांडून ठेवू नकोस, पोरी. वापर."

दारात हात हातात घेतला. "रंग काढण्याआधी फोटो काढला होतास?"

"मी नेहमी काढते."

"बघ कधीतरी. मी गेल्यावर."

७ मे

नऊ वाजता त्यांची गाडी आमच्या गॅरेजावरून गेली. मग फोनमधला फोटो बोटांनी मोठा केला. मातीखाली दोन पट्टे. वरचा वाकडा. खालचा नेमका अक्षरांवरून ओढलेला. माझ्याच हातचे.

त्या दिवशी ऑरिननी मान वर केली ती नळाकडे बघायला. माझ्याकडे. आणि मग गप्प बसले— मी गॅरेजात राहावं म्हणून!

डुलुथ अडीच तास. निघाले.