पिवळा ठिपका

रविवार

सगळ्यात आधी आली ती लांब मानेची बाई, घंटीवरचं बोटच काढीना! मागोमाग लेकाचे बुटके साहेब. मी या नव्या घरात कालच आले, आणि आज पाहुणे! काय करू नि काय नको असं झालं. सून म्हणाली, आई, बसा हो जरा. मी कुठली बसते! शाळेत फार गेले नाही, पण बोलण्यात मला हरवून दाखवा.

दोघं मात्र तोंड पाडून. नजर सारखी भिंतीवरच्या चित्राकडे. आधी ते बाईंच्या घरी होतं, त्यांनी साहेबांना दिलं, साहेबांनी आता लेकाला, नव्या घराची भेट म्हणून. चित्र म्हणजे काय, काळ्यावर एक निळा ठिपका, एक हिरवा. मी म्हटलं, असलं तर माझं पोतेरंसुद्धा काढतं! कुणी हसलं नाही.

बाईंनी चित्राखाली बसून नातीची चौकशी केली. मग काय, मी सुटलेच. पिवळा रंग लाडका, झोपताना माझा कान धरते, विजेला घाबरते. एकेक ऐकून बाई चित्राकडे बघत मान हलवायच्या. मला बाई कौतुकच वाटलं.

मंगळवार

चित्रात पिवळा ठिपका आलाय. तिळाएवढा. लेक म्हणतो, आधीपासूनच असेल. नातीचा पिवळा झगा विटला, आणि अजून एकदाही धुतलेला नाही. आज वीज कडाडली. पोरीनं मान वर केली नाही.

बुधवार

आता वाटाण्याएवढा. झोपताना कान धरला नाही. मी चमच्यानं ठिपका खरवडला, तर आतल्या खोलीत पोर किंचाळली. दंडावर लांब ओरखडा.

शुक्रवार

दोघं आली. घंटी नाही, सरळ आत. बाईंनी माझ्या हातातला चमचा हिसकला. म्हणाल्या, निळा माझा नवरा. हिरवी साहेबांची बहीण. तिसरा रंग पुरता भरला की सगळ्यात जुना सुटतो, म्हणून तर चित्र पुढच्या घरी द्यायचं. आधी माझा, मग ह्यांची.

मी साहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, म्हातारे, आम्ही काय केलं? चित्रापुढे पोरीचं सगळं तूच तर ओकलीस.

सोमवारी येऊ म्हणाले, बाईंच्या नवऱ्याला न्यायला. लेकाला सांगितलं, तर माझ्यावरच खेकसला, आई, साहेबांबद्दल असं बोलतेस? चित्र उतरवायला गेले, तर पोर जागीच कोसळली. परत टांगलं.

शनिवार

नातीला तिचं नाव आठवत नाही. माझं तर नाहीच.

बोलून घालवलं ते बोलूनच — चित्रासमोर पाट टाकून बसलेय. माझं सांगतेय, पोरीच्या जागी मला घे म्हणून. जांभळा रंग आवडतो. विहिरीची भीती. आईच्या हाताचा वास. ह्यांनी पहिल्यांदा हाक मारली ती. काही ठेवत नाही.

जांभळा उमटला. तिळाएवढा.

रविवार

पिवळा बारीक होतोय. पोर आत हसली! कुणाची पोर — माझी, माझी नात.

आईचा हात कसला होता — वास —

पिवळा गेला. ती येऊन कान धरतेय. कुणाचा कान —

सूनबाई, ती दोघं सोमवारी येणार म्हणालीत. पोरीचं काही, एक अक्षर त्यांच्यापुढे —