विहिरीची खरी पातळी

प्रिय बाबा,

तुमच्या पाया पडून लिहायला बसले आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे? आई तुम्हाला जिना चढू देत नाही ना?

आमच्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात मी रोज सकाळी विहिरीची पातळी मोजते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभरात पाणी चाळीस फूट खाली गेलं. तरी साहेबांनी नवं मशीन आणून दुप्पट बाटल्या भरायचं ठरवलं. मी विचारलं, "साहेब, किती वाढायचं? थांबायचं कुठे?"

ते हसले. "वाढ थांबली की कारखाना मेला म्हणून समज." आणि वहीत गेल्या वर्षीचीच पातळी लिहायला सांगितली.

बाबा, तुम्ही जन्मभर विहिरी खोदल्या. खोटं लिहायला तुमच्या लेकीचा हात धजावला नाही. फाटकाबाहेर पाण्यासाठी हंडे घेऊन बसलेल्या बायकांना मी खरी पातळी सांगून टाकली.

त्याच दिवशी नोकरी गेली. आईला जरा बेतानं सांगा. नवं मशीन सोमवारी सुरू झालं, ते काही थांबलं नाही.

नोकरीचं एवढं वाटत नाही. पण त्या बायकांतली एक म्हातारी रिकामा हंडा उचलून उठली. मग म्हणाली, "पोरी, महिनाभर आधी बोलली असतीस, तर माझ्या लेकानं इथं घर बांधलं नसतं गं."

बाबा, महिन्याभरापूर्वीही मला ठाऊक होतं.

शनिवारी घरी पोचते.

तुमचीच,
धाकटी