पाकिटातल्या दोन भेगा

२ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जोडता, म्हणून पत्र. घरमालकाचा मुलगा परत येतोय, तेव्हा महिनाअखेर आम्हाला खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. घर पाहावं बांधून म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याला आजच्या दिवसांत घर विकत घ्यायला लावलं पाहिजे. काल एका घराच्या दारात आमच्यासारखी तीस माणसं रांगेत उभी होती. मागच्या बाईंनी तर माझ्या खांद्यावरूनच स्वयंपाकघराचं माप घेतलं! दलाल म्हणतो, दहा मिनिटांत बघून निघा आणि नऊ तारखेपर्यंत तुम्ही किती किंमत द्याल तो आकडा पाकिटात घालून द्या. दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते मात्र सांगत नाही.

परवडतील अशी दोनच घरं आहेत. शाळेमागच्या घरात आमची चार वर्षांची चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली ती उतरेचना. खरं सांगायचं तर मलाही तिथून निघवत नव्हतं. पुलाजवळचं घर मोठं आहे. तुमचे जावई म्हणतात, जे मिळेल ते घेऊ. दोन्हीकडे भिंतीला एकेक भेग आहे. तुम्ही शिकवलंत तसा पातळ कागद लावून दोन्ही भेगा पेन्सिलीने गिरवून आणल्या आहेत. त्या वेगवेगळ्या पाकिटांत घातल्यात आणि पाकिटांवर घरांची नावं लिहिली आहेत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला बाप असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?

लोभ आहेच, या वेळी सल्लाही असावा.

तुमची ठकू

५ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या भेगा पोचल्या. इतकी सुरेख रेघ ओढतेस, मग शाळेत चित्रकलेत नापास का व्हायचीस कळत नाही. उजेड हवा म्हणून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरून नीट पाहिले. शाळेमागचं घर सोड. ती भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते आहे, म्हणजे भिंत खचते आहे. पुलाजवळची भेग केसाएवढी, नुसत्या गिलाव्याची. ते डोळे झाकून घे. चिमणी रुसेल, पण खिडकीला कट्टा काय, मी कुठेही बांधून देईन. जावयांना म्हणावं, मिळेल ते घ्यायला घर म्हणजे काही बसमधली जागा नाही.

तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

बाबा

१० मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द शेवटचा, म्हणून शाळेमागचं घर सोडलं आणि पुलाजवळच्या घरासाठी पाकीट दिलं. आज दलालाने कळवलं, आमचा आकडा मान्य झाला. सोळा तारखेला सही. तुमचे जावई खूश आहेत. मी पण खूश व्हायला हवं, पण डोकं ठिकाणावर नाही. औषधाच्या दुकानात आज एकाच गिऱ्हाइकाला तीनदा नाव विचारलं.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि गोंधळले. पायऱ्यापायऱ्यांची भेग शाळेमागे नव्हती हो बाबा! ती पुलाजवळच्या घरात, मागच्या खोलीत आहे. शाळेमागे दाराच्या वर, भिंतीत केसाएवढी होती. पाकिटं मी बदलली, की तुम्ही? की मलाच नीट आठवत नाही? तुमच्या जावयांना विचारलं, तर त्यांना भेग होती हेच आठवत नाही. सही करू की नको, उलटटपाली कळवा.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

तुमची ठकू

१३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सही करू नकोस. चूक माझी आहे. दोन्ही कागद एकावर एक काचेला लावले आणि कुठला कुठल्या पाकिटातला हे विसरलो. विसरलो, हे कबूल करायला लाज वाटली. धोक्याची भेग शाळेमागच्या घरावर ढकलली, कारण तुझं मन तिथे होतं हे पत्रातून दिसत होतं. आवडलेल्या घरात खोट काढायची मला खोडच आहे.

बावीस वर्षांपूर्वी तुझ्या आईला बसथांब्यासमोरचं निळ्या दाराचं घर फार आवडलं होतं. मी भिंत ठोकून पाहिली आणि म्हटलं, दहा वर्षं टिकायचं नाही. तिने परत विषय काढला नाही. आता तिथे दातांचा डॉक्टर राहतो. बसची वाट पाहताना मी रोज त्या भिंतीकडे बघतो. अजून एकही भेग पडलेली नाही. तुझी आई होती तोवर तिला हे सांगितलं नाही, आता तुला सांगतो. शाळेमागचं घर अजून असेल तर पळत जा.

आशीर्वाद घे, माझा सल्ला घेऊ नकोस.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सहीला निघालो होतो, पायात बूट होते, तेवढ्यात तुमचं पत्र आलं. नको म्हणून कळवलं. दलाल म्हणाला, असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. शाळेमागचं घर मात्र गेलं, दारावर नवी पाटीसुद्धा लागली. चिमणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काल तिसरंच, नुकतंच विक्रीला निघालेलं घर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत एकटीच गेले, दुकानातला पांढरा कोट अंगात तसाच. स्वयंपाकघर अरुंद आहे, जिना करकरतो, पण मागच्या खोलीत उभी राहिले आणि पाय निघेना. तिथेही भिंतीला भेग आहे. पातळ कागद पर्समध्ये होता, तो काढला नाही. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. एकोणतीसला सामान हलवतोय. ती मागची खोली तुमची.

निळ्या दाराच्या घराचं मला माहीत होतं, बाबा. बसची वाट बघताना आई नेहमी त्या घराकडे पाठ करून उभी राहायची. लहान होते, मला वाटायचं तिच्या डोळ्यांवर ऊन येतं. खरं कारण मोठी झाल्यावर उमगलं. म्हणून या वेळी तुम्हाला विचारलं नाही.

लोभ पत्रातून पुरे झाला, आता राहायला या.

तुमची ठकू